रिव्हर्सवाली

मी तोंड उघडणार न्हाई असं मी जल्मात एकदाच कबूल केलं, आन् तेबी एका भुताच्या सिरीयलीपायी. आमच्या रिहे गावात कुणालाबी सांगा, शुभांगी गप बसली म्हणून. माणसं आधी इचारतील, बरं न्हाई का तिला? पण बसले. दातावर दात दाबून बसले, कारण माझ्या पोरीचं कॉलेज त्याच्यावर टांगलं व्हतं.

झालं असं. माझी जुईली पिरंगुटच्या कॉलेजात सेकंड इयरला हाय, सायन्सला. हुशार हाय. मी म्हणते माझ्यावर गेलीया, मालक म्हणत्यात बापावर. मालक म्हंजी आमचे ह्ये, नथू. माणूस वाईट न्हाई. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, जमीन इकायचं नाव न्हाई. पण एकदा डोक्यात काय बसलं की पहारीनं उचकटलं तरी निघायचं न्हाई. दिवाळी झाली आन् शेजारचा बहिरू, जो पिरंगुटला दूध घालायला जातो, तो ओट्यावर बसून सहज बोलून गेला, "नथूभाऊ, पावसात, आवणीच्या दिवसात तुमची जुई एका पांढऱ्या गाडीत बसताना दिसायची. रोज दिसायची. पावणे व्हते का कोण?"

ह्या बहिरूच्या तोंडाला देवानं झाकणच दिलं न्हाई. मनात आलं, त्याच्याच दुधाची किटली त्याच्या डोक्यात घालावी.

पावणे कुठले आलेत? मालकांनी पोरीला समोर उभं केलं. पोरगी म्हणाली, "आप्पा, मी शूटिंगला गेलते."

तिनं सगळं सांगितलं. मुळशीच्या धरणाच्या अंगाला, एका रिसॉर्टच्या मागच्या भातखाचरांत कसल्याशा सिरीयलीचं काम चाललं व्हतं. त्यांची हिरॉईन चिखलात उतरली की गुडघ्यापर्यंत रुतायची आन् तोंडावर पडायची. त्यांना चिखलात चालणारी, लांब केसांची पोरगी पायजे व्हती. जुईची एक मैत्रीण तिकडचीच, तिनं हिचं नाव दिलं. गाडी न्यायची, गाडी आणून सोडायची. तितं फोन काढून घ्यायचे, फोटोबिटो न्हाई, आन् सिरीयल येईपर्यंत कुटं बोलायचं न्हाई म्हणून सही घेतलेली. घरी बोलली असती तर बापानं "आता तेवढंच राह्यलं व्हतं" म्हणून दारातच अडवलं असतं. अडवलं असतंच, त्यात खोटं काय?

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "फोटो न्हाई. कुणी बघितलं न्हाई. आन् गाडी मात्र सगळ्यांनी बघितली. कोण पोरगा हाय ते सांग."

"आप्पा, पोरगा न्हाई. शूटिंग व्हतं."

"पोरगा कोण?"

झालं. दुसऱ्या दिवशीपासून कॉलेज बंद. उरवड्याचं एक स्थळ व्हतं, मुलगा तितल्याच एका कंपनीत सुपरवायझर, त्या मंडळींना बघायला बोलावणं गेलं. रविवार ठरला. पोरगी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची, पण पान काय उलटायची न्हाई.

मी भांडले. भांडले म्हंजी कशी, भाकरी करपल्या, भांडी आपटली, गोठ्यातली म्हस बिथरून लाथा झाडायला लागली. "माझी पोरगी खोटं बोलत न्हाई," मी म्हणाले. मालक म्हणाले, "तू आई हायेस. तू म्हणणारच." आता ह्यावर माणसानं काय बोलायचं? पोरीनं सांगितलं तर ती पोरगी हाय म्हणून खोटं, आईनं सांगितलं तर ती आई हाय म्हणून खोटं. मंग खरं सांगायला काय आकाशातनं कोण उतरणार व्हतं का?

तर उतरलं. आकाशातनं न्हाई, आमच्याच माडीवरनं.

माडीवर आमचे भाडेकरी राहत्यात. विश्राम सायेब हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, मूळचे परभणीकडचे. त्यांची बायको मेधाताई, लई गुणाची बाई. आन् पोरगी ऋतिका, दहावीला. ह्या ऋतिकाला एका सिरीयलीनं पार झपाटलं व्हतं. 'निळं हॉस्टेल' तिचं नाव. तळ्याकाठी एक हॉस्टेल हाय, तितल्या पोरापोरींना मेलेली माणसं दिसत्यात. ती पोरं अभ्यास सोडून सगळं करत्यात. भुतं हुडकत्यात, प्रेमात पडत्यात, रडत्यात, भिताडं चढत्यात. एकाचीबी आई कधी फोन करून जेवलास का म्हणून इचारत न्हाई. मी दोन-चार भाग बघितले, आन् भुतापेक्षा ह्याच गोष्टीची मला जास्त भीती वाटली.

तर त्या तळ्यात एक बाई हाय. ती पाठमोरी चालत येती. टाचा पुढं, तोंड मागं. कुणाला तोंड दाखवत न्हाई. पोरं तिला रिव्हर्सवाली म्हणत्यात. आधीच्या भागांत ती नुसती लांबनं, धुक्यात, सावलीवानी दिसायची.

एक दिवस ऋतिका जिन्यावरनं उड्या मारत खाली आली. "काकू, शुक्रवारी रिव्हर्सवालीचा एपिसोड आहे! पूर्ण! मी उशी घेऊनच बसणार आहे."

जुई वाळलेली कापडं घडी करत व्हती. तिच्या हातातनं माझं लुगडं खाली पडलं. ऋतिका वर गेल्यावर ती मला म्हणाली, "आई, तीच गं. ती मी केलीया."

मंग मी थांबते व्हय? तशीच गोठ्यात गेले. मालक म्हशीला पेंड घालत व्हते. मी म्हणाले, "शुक्रवारी वर या. मेधाताईंच्या टीव्हीवर एक भाग बघा. पोरगी त्यात दिसली तर उरवडेकरांना न्हाई म्हणायचं आन् पोरगी कॉलेजला जाणार."

"आन् न्हाई दिसली तर?"

"तर रविवारी मी पावण्यांसाठी पुरण घालते. परत ह्या विषयावर अवाक्षर काढत न्हाई."

मालकांनी बादली खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. ह्या माणसानं माझ्यासंगं इतकी वर्षं काढलीत, मला पुरतं ओळखतो. म्हणाले, "बघतानाबी काढायचं न्हाई. तू बोट दावणार, ही बघा, ही बघा, ही आपली जुई, आन् मी मान डोलवायची. तसं न्हाई चालायचं. माझ्या डोळ्यांनी मला दिसली पायजे. तू तोंड उघडलंस की मोडलं सगळं."

"कबूल," मी म्हणाले.

जिंकल्यावानी घरात आले आन् जुईला सांगितलं. तिचं तोंड इतकंसं झालं.

"आई, माझं तोंड दिसणार न्हाई त्यात. सगळं पाठीमागनं हाय. शेवटी ती वळती तवा तोंड हिरॉईनचंच दाखवणार हायेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आगं भवाने, मंग हे आधी नको व्हय सांगायला?"

"तू कुटं थांबलीस? तू तर आधीच सगळं ठरवून आलीस."

खरंच की. पण आता बोललेलं मागं कसं घेणार? घरात तेलवात केली, देवापुढं उभी राह्यले आन् म्हणाले, बाबा रे, केसांचा शेंडा तरी ओळखीचा दाव.

शुक्रवारी धारा काढून झाल्या, आन् आमी वर गेलो. मेधाताईंनी चहा केलता, मक्याच्या लाह्या केलत्या. सायेब ऑफिसातनं आले नव्हते. टीव्ही म्हंजी काय, आमच्या दाराएवढा. ऋतिकानं पडदे ओढले, दिवे घालवले.

"लाईट गेली का?" मालक म्हणाले.

"नाही काका, ॲटमॉस्फिअर."

मालक खुर्चीवर बसले न्हाईत, भिताडाला पाठ लावून खाली मांडी घालून बसले. मी त्यांच्या शेजारी. जुई आत आलीच न्हाई. जिन्याच्या दारात, चौकटीला टेकून उभी राह्यली. मेधाताईंनी दोनदा बोलावलं तर म्हणाली, "हितनं दिसतंय, काकू."

सिरीयल सुरू झाली. पोरं कुजबुजत्यात, पळत्यात, एक पोरगा एका पोरीला सांगतो की मी तुझ्यासाठी मरीन. मालक म्हणाले, "ह्यांचे मास्तर कुटं हायेत?" ऋतिकानं शुक् केलं. मालक गप झाले. दहावीच्या पोरीनं त्यांना गप केलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आन् दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

मंग ती पोरं तळ्याकडं गेली. हिवाळ्यावानी धुकं. तळ्याच्या काठानं खाचरं, एकाखाली एक, पायऱ्यांवानी उतरत गेलेली, आन् सगळी पाण्यानं भरलेली. वरचं आभाळ जसंच्या तसं त्या पाण्यात उतरलेलं. कुटंच आवाज न्हाई, बेडकाचा न्हाई, पाण्याचा न्हाई. पोरं बांधावर उभी. एकीनं दुसरीचा हात धरला. आन् लांबच्या खाचरात काहीतरी हललं.

एक बाई. वाकलेली. आमच्याकडं पाठ. केस खाली लोंबलेले, पाण्यात बुडालेले. ती मागं मागं येत व्हती. टाच पुढं, मंग दुसरी टाच. मागं बघत न्हाई, दचकत न्हाई, पाणी उडत न्हाई. त्या गाळात ती नेमानं अशी येत व्हती की पाय चिखलात हायेत का वाऱ्यावर, काय कळंना. आन् येता येता तिचा एक हात खाली पाण्यात जायचा, वर यायचा, परत खाली. जितं हात बुडला, तितं पाण्याखाली एक निळी ज्योत लागायची. परत हात, परत ज्योत. एक ओळ झाली की ती एक पाऊल मागं, आन् दुसरी ओळ. ज्योतीला ज्योत लागून, वीत-वीत अंतरानं, ओळीला ओळ समांतर, सगळं खाचर पेटत चाललेलं. मंग वरनं दाखवलं, पाखराला दिसंल तसं. एवढंसं काळं ठिपकं मागं सरकतंय आन् त्याच्यापुढं निळ्या दिव्यांचं शेत उगवतंय.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मेधाताई "अगं बाई" म्हणाल्या आन् नकळत त्यांनी हात जोडले. ऋतिकानं उशी तोंडावर धरली. आन् भीती वाटली म्हणून न्हाई, तर दुसऱ्याच कशानं तरी माझा श्वास अडकला. कारण ती बाई काय करतीया, ते मला कळलं.

आवणी. ती बाई भात लावत व्हती!

आवणी कशी करत्यात? वाकून, मागं मागं जात. पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जातं, म्हणून उलटंच जायचं. रोपाची जुडी एका हातात, दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी रोप मातीत दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. हे काम मी लग्नाआधीपासनं करतीया. कंबर मोडती, बोटं कुजत्यात, जळवा लागत्यात. त्या कामात बघण्यासारखं काय असतंय असं मला कुणी इचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आन् हितं तेच काम, तसंच्या तसं, आन् बघून माझ्या डोळ्यांत पाणी! एवढं मोठं असतं व्हय ते? बांधावरनं असं दिसतं व्हय?

आन् हात डावा व्हता.

आता हे सांगायलाच पायजे. मी डावरी हाय. सून म्हणून आले, पहिल्या आवणीला ओळीत उभी राह्यले, तर सगळ्या बायका उजवीकडनं डावीकडं लावत चालल्यात आन् मी एकटी डावीकडनं उजवीकडं. माझं कोपर शेजारणीच्या नाकात. लई हसल्या बाया. शेवटी मालकांनीच मला ओळीच्या कडंला नेऊन उभं केलं, म्हणाले, "हितं लाव, हितं कुणाला लागायचं न्हाई." जुई तशी उजवी. लिहिती उजव्यानं, जेवती उजव्यानं. पण आवणी ती माझ्या शेजारी उभी राहून शिकली, माझं बघून, म्हणून ती तेवढी डाव्या हातानं करती. रिह्याच्या सगळ्या खोऱ्यात डाव्या हातानं भात लावणाऱ्या आमी दोघीच.

मी तोंड उघडलं. शब्द पार दातापर्यंत आला. आन् आठवलं. तू तोंड उघडलंस की मोडलं. मी पदराचा बोळा केला आन् तोंडात कोंबला. देवा शप्पथ सांगते, जुईच्या वेळचं बाळंतपण सोपं गेलं व्हतं मला. मालकांकडं बघायचीबी चोरी, न जाणो तेबी बोट दाखवल्यात धरायचे. नुसती समोर बघत राह्यले आन् मनात ओरडत व्हते, आवो बघा! हात बघा! तोंड काय बघताय?

टीव्हीत रिव्हर्सवाली बांधाला येऊन पोचली. थांबली. हळूहळू ताठ झाली. पोरं किंचाळली. ती वळली, केस बाजूला झाले, आन् आत हिरॉईनचं तोंड. पांढरं फटक, डोळे निळे.

मालकांनी सुस्कारा सोडला. "ही आपली न्हाई," म्हणाले आन् गुडघ्यावर हात टेकून उठले.

संपलं. मी तशीच बसून राह्यले, तोंडात बोळा. मालक दाराकडं गेले. दारात जुई. तिनं बाजूला होऊन वाट दिली आन् खाली बघत उभी राह्यली. मालक चौकटीपर्यंत गेले, एक पाय जिन्यावर टाकला. आन् तसेच थबकले. पाठमोरेच.

"पोरी," ते ऋतिकाला म्हणाले, "ते मगाचं मागं घे जरा. दिवे लागत व्हते ते."

ऋतिकाला कुणीतरी हे म्हणावं एवढंच पायजे व्हतं. तिनं मागं घेतलं. परत ते खाचर, परत ती बाई, परत ज्योती. आन् त्याच्याबरोबर ऋतिकाचं बोलणं सुरू. "काका, तुम्हालापण हाताचं खटकलं ना? सगळीकडे त्याचीच चर्चा चालू आहे. ट्रेलरमध्ये जरासं दिसलं होतं तेव्हापासून. एक थिअरी आहे की ती मेलेली माणसं मोजतेय. दुसरी अशी की ती तळ्याला टाके घालतेय, म्हणजे आतलं काही बाहेर येऊ नये. मला तीच पटते. आणि लेफ्ट हँड का, तर तिचं सगळंच उलटं आहे ना. पाय उलटे, तोंड उलटं, म्हणून हातपण उलटा."

"उलटा न्हाई," मालक म्हणाले. "डावा हाय."

ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उकिडवे बसले. काचेला नाक लागंल इतके जवळ. निळा उजेड त्यांच्या तोंडावर. "परत लाव." ऋतिकानं परत लावलं. "परत." परत लावलं. त्यांचं बोट त्या बाईच्या हाताबरोबर हलत व्हतं. "अंगठा आत घेतलाय बघ. रोपाची मान मोडू नये म्हणून. हातात रोप न्हाई, तरी सोडताना मूठ सैल सोडतीया. आन् पाय बघ. पाय उचलायच्या आधी टाच हलवून घेतीया. गाळात हवा शिरली की पाय सुटतो." आवाज बारीक झाला त्यांचा. "ओळ डावीकडनं चाललीया."

ऋतिका म्हणाली, "म्हणजे, काका? काय करतेय ती?"

"भात लावतीया." मालक वळले. माझ्याकडं बोट केलं. "हिचा हात हाय हा."

मी तोंडातला बोळा काढला. "मी बोलले न्हाई हां! मेधाताई, तुमी साक्षीला हायात, मी एक अक्षर बोलले न्हाई!"

मालकांचं माझ्याकडं ध्यानच नव्हतं. ते जुईकडं बघत व्हते. कसं सांगू? देवाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा नेलेलं लेकरू वर बघतं ना, तसं. पन्नाशीचा माणूस, डोळे नुसते मोठे झालेले.

जुई दारातनंच बोलली. "त्यांनी सांगितलं नुसतं मागं चाल, हात अंगाला लावून ठेव. पण आप्पा, हात चालल्याबिगर मला मागं जाताच येईना. पाय जागचा हलायचाच न्हाई. मंग मी हात चालवला. डायरेक्टर म्हणाले, हे काय करतीयास? मी म्हणाले, काय न्हाई, सवय हाय. ते म्हणाले, हेच ठेवा."

"जुईलीताई," ऋतिका म्हणाली. "तू? रिव्हर्सवाली तू आहेस?" ती उठली, जुईजवळ गेली, मधेच थांबली, एक पाऊल मागं आली. मंग भीतभीत एका बोटानं तिच्या मनगटाला हात लावून बघितला. रोज जिच्याकडनं गणितं समजून घ्यायची तीच जुई, पण पोरगी तिला असा हात लावत व्हती की आता चटका बसंल. मेधाताईंनी तर तिला ओढून आत बसवलं, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आन् कानशिलावर बोटं मोडली.

मालकांनी खिशातनं फोन काढला. तितंच, सगळ्यांसमोर, उरवड्याला लावला. "हां, राम राम. मी नथू, रिह्यावरनं. न्हाई, रविवारी येऊ नका. न्हाई, तब्येत बरी हाय. मुलगी अजून शिकतीया. सोमवारी कॉलेजात जायची हाय ती. ... न्हाई, तुमचं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं." फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. गंगेत घोडं न्हालं. आता पोरगी बापाच्या गळ्यात पडंल, रडंल, मी दोघांना चार शब्द सुनवीन, आन् खाली जाऊन जेवू. मी पदरानं डोळे पुसून उठायच्या बेतात व्हते.

जुई उठली. पण गळ्यात न्हाई पडली. बापासमोर जाऊन उभी राह्यली, ताठ. माझी पोरगी एवढी उंच झालीया हे मला त्या दिवशी दिसलं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी तोंडानं सांगितलं तवा खोटं. भुतानं सांगितलं तवा खरं व्हय?"

मेधाताईंनी टीव्ही बंद केला. मालकांनी हाताचे तळवे पुढं धरले, बघितले, परत मांडीवर ठेवले. मंग म्हणाले, "मला तोंडाचं कळत न्हाई, पोरी. माणूस गोड बोलतो, रडतो, शपथा घेतो, त्यातलं खरं कुठलं हे मला कधीच कळलं न्हाई. हात कळतो. कोण कसा खणतो, कोण कसा लावतो, ते बघितलं की माणूस कळतो. तेवढंच येतं मला."

"मंग दुसरं बी शिका," जुई म्हणाली. तिची मान खाली गेली न्हाई. "मी परत कधी काय सांगितलं तर दर वेळी टीव्ही कुटनं आणू?"

ती जिन्याकडं गेली आन् पाठोपाठ मालक. मी दारापर्यंत गेले आन् तितंच थांबले. मालक तिच्या पुढं जाऊन पायरीवर बसले, तिची वाट अडवून. वर तोंड करून तिच्याकडं बघत म्हणाले, "एवढं पाणी, एवढं धुकं, त्या लोकांत तू एकटी. मला बघूनच भ्या वाटलं, जुई. अंगावर काटा आला माझ्या. तुला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं," जुई म्हणाली. "तुमचं."

मालकांनी भिताडाकडं सरकून पायरीवर जागा केली आन् म्हणाले, "बस. पहिल्यापासनं सांग."